तोंडाला उपरणं

त्यांचं अक्षर वाईट होतं, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्याविषयी वाईट सांगण्यासारखं पुढे फारसं हाती लागत नाही, आणि मला तर ते सांगायची मनापासून इच्छा आहे. त्यांची ओळ डावीकडून निघाली की घसरत घसरत खालच्या ओळीच्या मांडीवर जाऊन बसायची. जागोजाग शाईचे डाग, त्यांवर तपकिरीचे डाग. माझं अक्षर मोत्याच्या दाण्यांसारखं. हे मी नाही म्हणत, आमचा साहेब म्हणायचा. आणि मोत्याचे दाणे बघून झाले की माझा कागद बाजूला ठेवून तो त्यांचा कागद उचलायचा.

मला त्यांचा हेवा वाटायचा. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाविषयी असं बोलू नये हे मलाही कळतं. पण हेवा काही त्यांच्याबरोबर गेला नाही. तो माझ्याकडेच राहिला आणि आता माझ्याबरोबर म्हातारा होतो आहे.

आमची कचेरी ठाण्यात, तळ्याच्या काठी. सडका आणि पूल बांधणाऱ्या एका गोऱ्या कंत्राटदाराची ती कचेरी. घोडबंदरकडे जाणाऱ्या सडकेची खडी, उल्हास नदीवरच्या लहानमोठ्या पुलांसाठी खाणीतून निघणारे दगड, कळीचा चुना, लाकूड, सगळ्याचा कारभार तिथून चाले. कामावरचे मुकादम मराठी वाचणारे आणि कामाची माहितीपत्रकं विलायतेहून इंग्रजीत छापून येणारी. ती मराठीत करायला आम्ही दोघं होतो. चुना कसा भिजवावा, कमानीखाली लाकडी आधार कसा उभारावा, दोर कसा बांधावा, असली पत्रकं. दोघंही इंग्रजी शिकलेले, दोघंही एकाच वर्षी लागलेले. परीक्षेत मी त्यांच्या वर होतो. हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं, हे मला फार लागायचं.

कचेरीत त्यांना 'उपरणेवाले' म्हणत. उपरणं तसं आम्ही सगळेच घेत होतो. पण त्यांच्या उपरण्याचं काम वेगळं होतं. मला ते पहिल्याच आठवड्यात समजलं. मी आपला बोरू तासत बसलो होतो, तर हे गृहस्थ आले, माझ्यापुढे एक कागद ठेवला, हातात काथ्याचा दोर दिला आणि स्वतःच्या तोंडाभोवती उपरणं गच्च गुंडाळून मागे गाठ मारली. मग हाताची घडी घालून समोर उभे राहिले. नुसते डोळे दिसत होते. मला वाटलं, माणसाला दाढदुखी आहे आणि थोडं वेडही आहे. कागदावर दोन बांबू दोराने कसे बांधावे ते लिहिलं होतं. मी वाचलं, बांधायला गेलो, दुसऱ्या वेढ्यापाशी अडकलो. "हा वेढा आतून की बाहेरून?" मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. डोळेसुद्धा हलवले नाहीत. मी बाहेरून घेतला, ओढला, आणि दोर सुटून माझ्या मांडीवर पडला. तेव्हा त्यांनी उपरणं सोडलं, "पडलं," म्हणाले, आणि माझ्या हातातला कागद घेऊन टराटरा फाडला.

"अहो, चूक माझी झाली," मी म्हटलं, कारण मला लाज वाटली होती.

"वाचणाऱ्याची नसते," ते म्हणाले, आणि नवा कागद घेऊन बसले.

ही त्यांची रीत होती. सूचना लिहायची, ज्याला त्या कामातलं काही येत नाही असा माणूस धरायचा, त्याच्या हातात वस्तू द्यायची आणि स्वतःचं तोंड बांधून घ्यायचं. कारण एकच. लिहिणारा खाणीत नसतो. हे ते इतक्यांदा म्हणायचे की शिपायालाही पाठ झालं होतं. माणसाने काम बरोबर केलं तर उपरणं खाली ओढून ओरडायचे, "उभं राहिलं!" चुकलं तर "पडलं," आणि कागद फाडायचे. मधलं काही नाही. कचेरीतल्या प्रत्येकाच्या हातात त्यांनी कधी ना कधी काहीतरी दिलं होतं. शिरस्तेदारांसारख्या वयस्क माणसाला त्यांनी भर दुपारी अंगणात चुना कालवायला लावलं, आणि शिरस्तेदारांनी तो मुकाट्याने कालवला. मी असं काही केलं असतं तर मला नोकरीवरून काढलं असतं.

आता गंमत अशी, की हा एवढा स्पष्ट लिहिणारा माणूस बोलायला लागला की ऐकणाऱ्याने देवाचं नाव घ्यावं. "म्हणजे ते काय झालं, ते आपलं, काल नव्हे का, ते तिकडून, म्हणजे तसं नव्हे, आधी ते," असं सुरू व्हायचं आणि वाक्य कुठल्याशा बोळात शिरून परत यायचंच नाही. आमच्या घरी एकदा ते आमंत्रण द्यायला आले. अर्धी घटका बोलले, पाणी प्यायले, गेले. मी आणि माझ्या पत्नीने बसून विचार केला आणि झबलं-टोपडं घेऊन बारशाला गेलो. ती त्यांच्या मुलाची मुंज होती. मुलगा मुंडण करून पाटावर बसला होता, आणि माझी पत्नी हातातलं टोपडं पदराखाली लपवत होती. ते मात्र आम्हाला बघून फार खूष झाले, आणि टोपडंही त्यांनी आनंदाने ठेवून घेतलं.

मला त्या प्रसंगाचं फार बरं वाटलं होतं. कितीतरी दिवस मी तो भेटेल त्याला सांगत होतो. लोक हसायचे आणि म्हणायचे, "मोठी माणसं अशीच असतात." म्हणजे मी चांगलं बोलतो, स्वच्छ बोलतो, तर मी लहान!

माझं लिहिणं कसं होतं, हेही सांगितलं पाहिजे. मी अचूक लिहायचो. इंग्रजीत 'जर' असेल तर माझ्या मराठीत 'जर' असे, तिथे 'परंतु अशा प्रसंगी वगळून' असेल तर माझ्याकडेही ते वगळलेलं असे. मूळ वाक्यातली एक सुई माझ्या हातून हरवायची नाही. ते मात्र वाटेल ते टाकून द्यायचे. मुळात तीन अटी असल्या तर यांच्याकडे एक. मी विचारायचो, "बाकीच्या दोन कुठे गेल्या?" ते म्हणायचे, "वाचणाऱ्याच्या हातात काय आहे?" हा त्यांचा दुसरा मंत्र. ज्याच्या एका हातात पहार आणि दुसऱ्या हातात दिवा, त्याला तीन अटी धरता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं असावं. असावं म्हणतो, कारण त्यांनी ते समजावून सांगितलं तेव्हा मला काही समजलं नव्हतं.

एकदा भिंतीला चुना देण्याचं पत्रक निघालं होतं. दोघांनीही आपापलं केलं होतं. त्यांच्या पत्रकातल्या चुका काढाव्यात म्हणून मी दोन्ही कागद घरी आणले. माझ्या पत्नीला वाचायला मीच शिकवलं होतं, आणि त्याचं मला मिळालेलं फळ हे, की मी संध्याकाळी घरी आलो तर ओटीची भिंत पांढरीशुभ्र झालेली आणि ती कमरेला पदर खोचून उभी.

"कोणतं पाहून केलंस?" मी विचारलं.

"ते डाग पडलेलं होतं ना, ते," ती म्हणाली. "इकडचं फार छान होतं. ते मी जपून ठेवलंय."

त्या भिंतीकडे पाठ करून मी कितीतरी दिवस जेवलो.

मग सुरुंगाची पुस्तिका आली. शहाडच्या अलीकडे, कल्याणहून गेलं की डाव्या हाताला एक टेकडी होती. तिच्या पोटातून आमचा दगड निघायचा. पहारीने खडकात भोक पाडायचं, त्यात दारू भरायची, वात सोडायची, वरून माती ठासायची आणि वात पेटवून पळायचं. हे सगळं कसं करावं याची मोठी इंग्रजी पुस्तिका साहेबाने आणली आणि आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, दोघंही करा. ज्याची पुस्तिका मी घेईन तो यापुढे मुख्य भाषांतरकार. दुसऱ्याने त्याच्या हाताखाली काम करायचं.

मी जीव ओतून काम केलं. इतकं अचूक काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. ते मात्र त्या दिवसांत कचेरीतून नाहीसेच झाले. सकाळच्या गाडीने कल्याणला जायचे, बैलगाडीने खाणीवर जायचे आणि धुळीने पांढरे होऊन परत यायचे. मला वाटलं, हे हरले.

परीक्षा खाणीवरच ठेवायची, असा त्यांचाच हट्ट. साहेबाला त्यात मजा वाटली. खाणीचा मुकादम तिथलाच, जवळच्या गावातला, दांडगा आणि हसतमुख माणूस. त्याने आमचं वाचायचं आणि तसं करायचं. दारूऐवजी वाळू. आणि लिहिणाऱ्यांनी दोघांनीही तोंड बांधायचं. मी जरीच्या काठाचं नवं उपरणं नेसूच्या धोतराला शोभेल असं घेतलं होतं. ते तोंडाला बांधून मी भर उन्हात खडकावर उभा राहिलो. समोर ते, त्यांचं मळकं उपरणं बांधून. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो.

मुकादमाने आधी माझं वाचलं. "ठासणीकरिता लोखंडी पहारीचा उपयोग, तिच्या अग्रास तांब्याचे वेष्टन असल्याखेरीज, करण्यात येऊ नये." त्याने ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा ओठ हलवत वाचलं, मान डोलावली, आणि लोखंडी पहार उचलून भोकात ठासायला लागला. खरी दारू असती तर लोखंड दगडावर घासून ठिणगी पडली असती, आणि आम्ही सगळे नदीपलीकडे जाऊन पडलो असतो.

मी उपरणं ओढून ओरडलो, "अरे, लोखंडी नाही!"

"यात त लोखंडी पहारच लिवलेली हाय," मुकादम म्हणाला. त्याने कागदावर बोट ठेवून मला दाखवलं. "मना वाटला, पहारच घेवाची."

मग त्याने त्यांचं वाचलं. "दारू ठासायला लाकूडच घ्या. लोखंड लांब ठेवा." मुकादमाने पहार लांब फेकली आणि लाकडाचा दांडा उचलला. त्यांचं उपरणं खाली आलं. "उभं राहिलं!" एवढ्या जोरात ओरडले की पाखरं उडाली.

मी साहेबाला म्हटलं, "साहेब, मुळात तांब्याचं टोक चालतं असं आहे. यांनी ते गाळलं आहे."

"या खाणीत तांब्याचं टोक असलेली पहार आहे का?" साहेबाने मुकादमाला विचारलं.

"तांबा आमच्या देवाऱ्यात हाय, साहेब," मुकादम म्हणाला, आणि सगळे हसले.

मी हार मानली नाही. त्यांच्या पुस्तिकेतलं आणखी एक वाक्य मी दाखवलं. पेटवलेला सुरुंग उडाला नाही तर काय करायचं, याविषयी त्यांनी लिहिलं होतं, "त्या भोकाला हात लावू नका. शेजारी नवं भोक पाडा." मी म्हटलं, "शेजारी म्हणजे किती? मुळात निदान दोन फूट आहे, आणि पहिल्या भोकाला समांतर आहे. जवळ आणि तिरकं पाडलं तर पहार जुन्या दारूतच जाईल." हे मी सगळ्यांच्या देखत, स्वच्छ शब्दांत सांगितलं.

"शेजारी म्हणजे, ते आपलं, असं नव्हे का," ते हात हवेत फिरवत म्हणाले, "म्हणजे शेजारीच की."

साहेब घाईचा माणूस. त्याने पुस्तिका त्यांची घेतली. ते मुख्य भाषांतरकार झाले आणि मी त्यांच्या हाताखाली गेलो. त्यांनी मला कधी हाताखालचा माणूस म्हणून वागवलं नाही. वागवलं असतं तर निदान रागवायला जागा झाली असती.

पुस्तिका छापून निघाली, खाणीखाणीवर गेली, आणि पावसाळा संपून काम पुन्हा सुरू झालं तेव्हा शहाडची बातमी आली. एक सुरुंग उडाला नव्हता. मुकादमाने पुस्तिका उघडली, जुन्या भोकाला हात लावला नाही, आणि शेजारी नवं भोक पाडायला घेतलं. शेजारी म्हणजे एका वितीवर, कारण घरात आपण शेजारी बसलो म्हणजे तेवढंच अंतर असतं. भोक तिरकं गेलं. आतला चुरा काढायच्या लांब पळीत पांढऱ्या पुडीबरोबर काळी दारू आली. मुकादमाचं नशीब आणि नजर दोन्ही चांगली. त्याने पहार तिथेच सोडून सगळ्यांना नदीकडे पळवलं. कोणाला काही झालं नाही, भोकात पाणी ओतून दारू निकामी केली, पण खाणीवर माणसं कामाला यायला तयार होईनात.

मला त्या दिवशी फार आनंद झाला. कोणाला काही झालं नव्हतं, म्हणून तो उघडपणे व्हायलाही हरकत नव्हती. मी बरोबर होतो! साहेबासमोर सांगितलं होतं, खडकावर उभं राहून सांगितलं होतं! मी घरी जाताना पेढे घेतले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या बैठकीपाशी आले आणि मांडी घालून जमिनीवर बसले. चेहरा उतरलेला. तपकिरीची डबी उघडली आणि न ओढताच बंद केली.

"तुमचं बरोबर, म्हणजे ते अंतर, माझं ते, मी आपलं सोपं करायला," ते म्हणाले, आणि थांबले. मग माझा जुना कागद पुढे केला. माझं ते मोत्याच्या दाण्यांचं वाक्य: "न उडालेल्या सुरुंगाच्या छिद्रापासून निदान दोन फूट अंतरावर, त्या छिद्रास समांतर असे दुसरे छिद्र पाडण्यात यावे."

"हे खरं आहे," ते म्हणाले. "पण हे तिथे, म्हणजे त्यांच्याकडे फूटपट्टी, नाही ना." मग म्हणाले, "मला सुचत नाही. तुम्ही करा."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी म्हटलं, "बघतो," आणि मग लक्षात आलं, असं वाक्य मी कधी केलंच नव्हतं.

आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही. 'दोन हात' लिहिलं. माझे दोन हात की मुकादमाचे? 'चार पावलं' लिहिलं, मग वाटलं, खडकाच्या उतारावर पाऊल कसं पडणार? रविवारी दुपारी शेवटी मी जे करणार नाही असं ठरवलं होतं ते केलं. परसातलं दार लावून घेतलं, पत्नीच्या हातात नारळ सोलायची पहार दिली, कागद दिला आणि तोंडाला उपरणं बांधलं.

"अगं बाई!" ती म्हणाली. "इकडे दाढ दुखतेय का?"

मी मान हलवली. कागदाकडे बोट केलं.

तिने वाचलं. "दोन फूट म्हणजे किती? समांतर म्हणजे काय?" मी गप्प. "बोलायचं नसेल तर मला का उभी केलीय?" मी गप्प. ती आधी हसली, मग चिडली. "त्या उपरणेवाल्यांचं लागलंय हे," म्हणाली, पहार जमिनीवर आडवी ठेवली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसून राहिली.

मी त्या आडव्या पहारीकडे बघत राहिलो. खाणीत दुसरं काही असो नसो, पहार असणारच. ज्याने भोक पाडायचं त्याच्या हातातच ती असणार. लांबी दोन फुटांहून चांगलीच जास्त. म्हणजे मुळाशी तंतोतंत नाही, पण चूक झालीच तर ती माणसाच्या बाजूने. आणि एवढ्या अंतरावर भोक थोडं तिरकं गेलं तरी ते लोक जेवढं खोल पाडतात तेवढ्यात जुन्याला भिडणार नाही. हे मी कागदावर रेघा मारून तपासलं. समांतर गेलं म्हणून मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण लिहिलं:

"जुन्या भोकापासून पहार आडवी ठेवा, आणि ती संपेल तिथे नवं भोक पाडा."

'ठेवा'च्या जागी आधी 'टाका' लिहिलं होतं. ते मी खोडलं, कारण टाका म्हटलं की माणूस फेकतो, आणि लोखंड दगडावर फेकायचं नाही. 'ठेवा' हा शब्दही माझाच. त्यांनी या वाक्यात कानामात्रासुद्धा बदलला नाही, हे मला इथे नोंदवून ठेवायचं आहे.

आम्ही खाणीवर गेलो. मी तोंड बांधलं. मुकादमाने वाचलं, एकदाच, आणि वर बघितलंही नाही. पहार हळूच आडवी ठेवली, तिच्या टोकाशी टाच रोवली आणि गड्याला म्हणाला, "हितं पाड." माझ्या शेजारून आरोळी आली, "उभं राहिलं!" मी वळून बघितलं तर ते लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. त्यांनी मला मिठी मारली. तपकिरीचा वास आला. मी इतका सुखी झालो होतो की तेवढा वेळ मला त्यांचा हेवा वाटला नाही.

दुसऱ्या छपाईत ते वाक्य गेलं. साहेबाने ते खाणींवरच्या छपरांत फळ्यांवर रंगवून लावलं. खाणीतली माणसं बाकीची पुस्तिका विसरली, पण ते वाक्य त्यांच्या तोंडी बसलं. पुस्तिकेवर कोणाचंच नाव नव्हतं, पण पुस्तिका उपरणेवाल्यांची हे सगळ्यांना माहीत होतं, तेव्हा वाक्यही त्यांचंच ठरलं. कल्याणच्या स्टेशनवर एकदा एक अनोळखी ओव्हरसियर मलाच सांगायला लागला, "काय वाक्य आहे हो! पहार आडवी ठेवा. त्या उपरणेवाल्यांनाच सुचावं असं." मी म्हटलं, "ते मी लिहिलंय." त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या जरीच्या काठाकडे बघितलं, आणि म्हणाला, "असं का? वा." त्याला ते खोटं वाटलं, हे दिसत होतं.

याहून वाईट पुढे आहे. ते स्वतः ज्याला त्याला सांगायचे, "ते माझं नव्हे, यांचं." आणि त्यांच्या त्या गुंतलेल्या बोलण्यातून एवढंच लोकांना समजायचं, की हा माणूस स्वतःचं श्रेय दुसऱ्याला देतो आहे. "काय मन आहे!" लोक म्हणायचे. म्हणजे माझ्या वाक्याने त्यांची हुशारी वाढवली, आणि ते माझं आहे असं सांगण्याने त्यांचा मोठेपणा वाढवला. माझ्या वाट्याला काय आलं? मी त्यांना एकदा हात जोडून सांगितलं, "कृपा करून आता सांगू नका." त्यावर ते फार वेळ बोलले आणि मला त्यातलं काहीही समजलं नाही.

शेवटी ते नोकरी सोडून गावी निघाले. ठाण्यातल्या एका शाळेच्या दिवाणखान्यात सत्कार झाला. कचेरीची माणसं, मुकादम, गावातले चार प्रतिष्ठित. नवा साहेब आला होता. शहाडचा मुकादम हार घेऊन आला होता. त्याचे केस पांढरे झाले होते. साहेबाने भाषण केलं आणि शेवटी म्हणाला, यांनी आयुष्यात दुसरं काही लिहिलं नसतं तरी एक वाक्य पुरलं असतं. आणि त्याने ते वाक्य त्याच्या मोडक्या मराठीत म्हटलं. सगळा दिवाणखाना टाळ्यांनी भरून गेला. मुकादम रडला. तो म्हणाला, "माजी पोरा जित्ती हायत ती त्याच्यानं."

ते उत्तराला उठले. "ते काय आहे, ते वाक्य म्हणजे, ते माझं, म्हणजे तसं नव्हे, हे इथे बसलेत ना, त्यांचं ते, परसात, पहार, त्यांच्या पत्नीने, म्हणजे मी आपला," असं बोलत बोलत त्यांनी माझ्याकडे हात केला. लोकांना त्यात नेहमीसारखं काहीच उमजलं नाही. सगळ्यांना वाटलं, ते आता सहकाऱ्याचं कौतुक करताहेत. पुन्हा टाळ्या. ते हताश होऊन माझ्याकडे बघत खाली बसले.

तेव्हा मी उठलो. मला बोलता येतं. आवाज चांगला आहे, शब्द स्वच्छ आहेत. मी कुठलंही 'जर' घातलं नाही, कुठलंही 'परंतु' घातलं नाही. मी म्हटलं, "ते वाक्य माझं आहे."

मग कोणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. चांगली चेष्टा केली म्हणून साहेबाने मला मान हलवून दाद दिली. मी साक्षीला म्हणून त्यांच्याकडे वळलो. त्यांनी तोंडाभोवती उपरणं बांधलं होतं. गळ्यात हार, वर ते मळकं उपरणं, आणि फक्त डोळे. ते माझ्याकडे बघत नव्हते. लोकांकडे बघत होते, एकेका चेहऱ्याकडे, खाणीत बघायचे तसे. मी वाट बघितली. कोणी उठलं नाही, कोणी काही विचारलं नाही, मुकादम डोळे पुसत हसत होता. मी खाली बसलो.

मग त्यांनी गाठ सोडली, उपरण्याची घडी घातली आणि माझ्या कानाशी वाकले.

"बरोबर होतं," ते म्हणाले. "पण पडलं."

आयुष्यभर ज्यांचं बोलणं मला कधी धड समजलं नाही, त्यांचं हे मात्र पहिल्या फटक्यात समजलं.